गोदाक्काची डायरी: पंप आला, कपलिंग कुठे आहे?

१६ ऑक्टोबर २०२४, ला रोशेलजवळ

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथहून फेरीने फ्रान्सच्या कां (Caen) शहराजवळ उतरून आठवडा झाला नाही तोच गोदाक्काने पहिला हिसका दिला. (नवीन मंडळींसाठी: गोदाक्का म्हणजे आमची फियाटच्या डुकाटो व्हॅनवर बांधलेली, उजव्या स्टिअरिंगची, बारा वर्षांची मोटरहोम.) सकाळी चहाला नळ सोडला तर पंप नुसता घुरघुरला. पाणी नाही. जाळी काढून धुतली, फ्यूज पाहिला, टाकी तर भरलेली. शेवटी पंपाचं डोकं खोललं. आतला पडदा कडेने फाटलेला. कारण उघड आहे: गेल्या हिवाळ्यात पाणी पूर्ण काढलं नव्हतं, आत बर्फ धरला असणार. चूक माझीच.

आता खरा प्रश्न. दोन आठवड्यांनी, ३१ तारखेला नरकचतुर्दशी. बायकोने जाहीर केलंय, "अहो, फ्रान्स असो नाहीतर स्पेन, अभ्यंगस्नान गरम पाण्याने आणि गाडीतच व्हायला हवं."

१८ ऑक्टोबर, बोर्दोच्या अलीकडे

पंप मिळवणं सोपं गेलं. मागच्या भागात लिहिलेला धडा वापरला: आपण आज जिथे आहोत तिथे काही मागवायचं नाही, तीन-चार दिवसांनी जिथे असू तिथे मागवायचं. बोर्दोजवळच्या एका कॅम्पिंगकारच्या दुकानात ऑनलाइन ठरवला आणि जाता जाता उचलला. शुरफ्लोचा ट्रेल किंग, १२ व्होल्ट, मिनिटाला ७ लिटर, दाब २० पीएसआय. ३० पीएसआयचाही होता, तोही चालला असता, पाणी तापवणारा ट्रुमाचा हीटर २.८ बारपर्यंत (साधारण ४० पीएसआय) दाब घेतो. पण बारा वर्षांच्या सांध्यांवर मला जास्त जोर नको होता.

घोडं अडलं जोडणीवर. पंपाच्या तोंडाला अर्ध्या इंचाचे आटे, सोबत आलेली तोंडं १० मिलिमीटरच्या मऊ नळीची. युरोपातल्या गाड्यांत बहुधा तीच नळी असते. गोदाक्का ब्रिटिश. तिच्या पोटात १२ मिलिमीटरचा अर्धकडक पाइप, निळा थंडाचा, लाल गरमाचा, आणि दाबून बसवायची कपलिंगं, म्हणजे पाइप जोडणारे तुकडे. कोणी म्हणेल, १२ मिलिमीटरचा घरगुती पाइप फ्रान्समध्येही मिळतो. मिळतो. त्याचं कपलिंग हार्डवेअरवाल्याकडून आणलं, बसवलं आणि रात्रभर खाली पातेलं ठेवलं. सकाळी अर्धं पातेलं भरलेलं होतं.

तात्पुरता बंदोबस्त: १० लिटरचे दोन कॅन आणि तांब्या. वाईट काही नाही. फक्त भांडी घासताना दोघांची गरज लागते, आणि मग कोणी किती पाणी ओतलं यावरून बोलणी होतात.

१९ ऑक्टोबर

ब्रिटनमधल्या दुकानातून थेट कपलिंग मागवायचं नाही असं ठरवलं. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनहून युरोपियन युनियनमध्ये येणारं प्रत्येक पार्सल कस्टम्समधून जातं, आणि २२ युरोपर्यंतच्या मालाला व्हॅटची जी सूट होती तीही १ जुलै २०२१ ला संपली. म्हणजे सहा पौंडांच्या प्लास्टिकवर स्पेनचा २१ टक्के व्हॅट. तो किरकोळच, पण वर कुरियरची हाताळणी फी, आणि ती बऱ्याचदा मालाहून जास्त. यातून सुटायचा सरळ मार्ग म्हणजे माणसाने माणसाला पाठवलेली भेट: ४५ युरोपर्यंत व्हॅट लागत नाही. पण ती खरोखर भेट हवी. दुकानाने पाठवलेली चालत नाही, आणि घेणाऱ्याने पैसे देऊन घेतलेलीही नाही.

लेकीला फोन केला. तिने पैसे घ्यायला नकार दिला. "बाबा, दिवाळीची भेट म्हणून कपलिंग देणारी मी पहिलीच असेन." सोबत शंकरपाळे आणि पावशेर तूप टाकणार होती, थांबवावं लागलं. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनहून टपालाने इकडे चालत नाहीत. उटण्याची पुडी मात्र टाकली. सीएन२२ च्या, म्हणजे पार्सलवरच्या कस्टम्सच्या चिठ्ठीवर काय लिहावं यावर बरीच चर्चा होऊन "प्लंबिंगची प्लास्टिक फिटिंग्ज" आणि "आंघोळीची हर्बल पावडर" असं ठरलं. मोघम "भेटवस्तू" लिहू नका. काय आहे ते नीट लिहिलं की पार्सल कमी अडकतं.

कुठे पाठवायचं? गेल्या वर्षी मी एक पार्सल फ्रान्समधल्या नगरपालिकेच्या मोटरहोम थांब्यावर मागवलं होतं. तिथे ना रिसेप्शन, ना घर नंबर. कुरियरने "पत्ता अपूर्ण" म्हणून ते परत नेलं, आणि आम्ही त्यासाठी तीन दिवस एका पार्किंगमध्ये काढले. तेव्हापासून माझा क्रम असा. पहिली पसंती पिकअप दुकान किंवा लॉकर. ॲमेझॉनचं आपलं ब्रिटनचं लॉगिन फ्रान्स-स्पेनच्या साइटवरही चालतं, आणि माल युनियनच्या आतलाच असला की कस्टम्सचा संबंध येत नाही. लॉकरमध्ये मात्र तीनच दिवस ठेवतात, त्यामुळे रस्त्यात गाडी बंद पडली तर पार्सलही गेलं. पार्सल टपालाने येणार असेल तर 'पोस्ट रेस्तांत': पार्सल पोस्टातच ठेवून घेतात आणि आपण जाऊन उचलायचं. स्पेनमध्ये त्याला लिस्ता दे कोरेओस म्हणतात. फ्रान्समध्ये पंधरा दिवस ठेवतात आणि उचलताना थोडे पैसे घेतात. खासगी कुरियरचं पार्सल मात्र पोस्ट घेत नाही, तेव्हा विकणारा कशाने पाठवतोय ते आधी विचारा. कॅम्पसाइटचं रिसेप्शन तिसरं, तेही आधी फोन करूनच.

म्हणून पत्ता असा दिला: माझं नाव, खाली लिस्ता दे कोरेओस, खाली स्पेनमधल्या सालामांकाच्या मुख्य पोस्टाचा पिनकोड आणि शहर. लहान गावातलं पोस्ट दुपारी अडीचलाच दार लावतं, म्हणून शहरातलं.

२९ ऑक्टोबर, सांता मार्ता दे तोर्मेस

सालामांकाला खेटूनच हे गाव. नदीकाठाने चालत शहरात जाता येतं. ट्रॅकिंगवर काल संध्याकाळी "पोस्टात उपलब्ध" आलं, म्हणून आज सकाळी नऊला खिडकीपाशी हजर.

बाईंनी पासपोर्ट पाहिला, आत गेल्या, हात हलवत परत आल्या. नाही. मी फोनवर ट्रॅकिंग दाखवलं. परत आत. परत नाही. मागे रांग वाढत होती. आता ही बया आपल्याला उद्या या म्हणणार, असं वाटत असतानाच डोक्यात प्रकाश पडला. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, सहसा आधी बापाचं, मग आईचं, आणि सगळं लावतात ते पहिल्या आडनावाने. लेकीने पासपोर्टप्रमाणे माझं पूर्ण नाव लिहिलं होतं: माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मी पासपोर्टवर मधल्या नावावर बोट ठेवलं. बाई थबकल्या, "आह!" म्हणाल्या आणि अर्ध्या मिनिटात पाकीट घेऊन आल्या. ते माझ्या वडिलांच्या नावाच्या अक्षरात ठेवलेलं होतं. नाना उभ्या आयुष्यात नाशिकच्या पलीकडे गेले नाहीत, आणि आज सालामांकाच्या पोस्टात त्यांच्या नावाचं पार्सल.

स्पेनमध्ये येणाऱ्या मराठी मंडळींनी हे ध्यानात ठेवा. नाव आणि आडनाव एवढंच लिहा, किंवा खिडकीवर दोन्ही अक्षरांत शोधायला सांगा.

पोहे मात्र अजून वाटेत आहेत. युनियनमधल्याच एका भारतीय किराणा साइटवरून पातळ पोहे, डाळं आणि गोडा मसाला मागवलाय, इथल्या पिकअप दुकानात. शुक्रवारी १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, आणि त्याच दिवशी इकडे सर्व संतांच्या दिवसाची सार्वजनिक सुट्टी. उद्या-परवात आले नाहीत तर चिवडा सोमवारी.

३० ऑक्टोबर

कपलिंग बसवलं. पाइपचं टोक ब्लेडने सरळ कापलं (तिरकं कापलं की आतली रबरी रिंग चिरते), आट्यांवर टेप सात वेढे, आणि पाइप आत दाबताना तो "कट्" आवाज येईपर्यंत. पंपाखाली जुन्या योगा मॅटचा तुकडा घातला, त्याने घरघर निम्मी झाली. बाजूचे डच आजोबा खुर्ची घेऊन बघायला बसले होते. पंप चालू केल्यावर नळ आधी खोकला, दोन वेळा हवा थुंकला, मग धार लागली, तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. हीटर लावला. वीस मिनिटांनी हात पोळेल असं पाणी.

३१ ऑक्टोबर

पहाटे साडेपाच. बाहेर थंडी, आत उटण्याचा वास. शॉवरची खोली इतकी अरुंद की पाठीला उटणं लावायचं तर दार उघडं ठेवावं लागतं आणि निम्मं पाणी पायपुसण्यावर. कारिट कुठून आणणार, बायकोने पायाखाली चेरी टोमॅटो फोडायला लावला. संध्याकाळी पोहे आले, एक पाकीट फुटलेलं, पण आले.

रात्री साडेदहाला दिवे मालवले. सगळे नळ बंद. आणि पंप एकदाच, अर्धा सेकंद, "टुर्र" वाजला. दहा मिनिटांनी पुन्हा.

कुठेतरी दाब उतरतोय. पातेलं परत खाली ठेवलंय.