डाव्या हाताचा प्रश्न: दिवसा इनस्क्रिप्ट, रात्री काउंटर-स्ट्राइक

दिवसा इनस्क्रिप्टमध्ये (मराठी टाइप करायची कींची मांडणी) लिहायचं, रात्री काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम खेळायचा, आणि दोन्हीला एकच मेकॅनिकल कीबोर्ड. बोर्ड मागच्याच नोंदीत ठरला होता: ७५ टक्के लेआउट (आटोपशीर, पण आकड्यांची ओळ असलेला), हॉट-स्वॅप (स्विच सोल्डरिंगशिवाय काढता-घालता येणारा), व्हाया या प्रोग्रॅममधून कींची कामं बदलता येणारा. चाळीस टक्केवाले बोर्ड दिसायला गोड असतात, पण इनस्क्रिप्टमध्ये ज्ञ, त्र, क्ष, श्र हे आकड्यांच्या ओळीवर शिफ्ट धरून येतात. ती ओळच नसेल तर मला काय उपयोग? तेव्हा तो विषय संपला. राहिले स्विच, म्हणजे प्रत्येक कीखालची स्प्रिंगवाली कळ.

लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं विचारून पाहा, कुणी रस्ता सांगितला तर) एका दुकानात स्विच टेस्टर ठेवलाय. तिथे उभं राहून दाबलं की सगळेच स्विच आवडतात. एकेक स्विच सुटा दाबणं वेगळं आणि दोन पानं मराठी टाइप करणं वेगळं. म्हणून थोडे थोडे सुटे स्विच घरी आणले.

ब्लू जातीच्या, दाबताना टिक वाजणाऱ्या (क्लिकी) स्विचचा निकाल आईने लावला. विक्रोळीच्या वन रूम किचनमध्ये रात्री अकरानंतर क्लिकी स्विच चालवणं म्हणजे घरात भांडण आणणं. "अरे, टाइप करतोयस की खिळे ठोकतोयस?" एवढंच म्हणाली. विषय बंद.

रेड (लिनिअर, म्हणजे मध्ये कुठे न अडता सरळ खाली जाणारे) मात्र गेमसाठी मस्त. चेरी या स्विच कंपनीचा आकडा ४५ सेंटिन्यूटन, म्हणजे साधारण ४५ ग्रॅमचा भार, आणि २ मिलिमीटरवर की लागते. गंमत मराठी लिहिताना सुरू होते. इनस्क्रिप्टमध्ये डावा हात विसावतो तो ए, एस, डी, एफवर, म्हणजे ो, े, हलन्त आणि ि वर. बोट जरा जड पडलं की फुकटची मात्रा. त्यातही डी सगळ्यात वाईट. इंग्रजीत एखादा डी जास्तीचा पडला तर लगेच दिसतो, पण हलन्त गुपचूप जोडाक्षर करून जातो. 'कमल' लिहायला जावं आणि 'कम्ल' उमटावं. तपासताना डोळा त्यावरून सरळ घसरतो.

मग लेआउट कागदावर काढला आणि एक गोष्ट दिसली. क्यूपासून टीपर्यंत आणि एपासून जीपर्यंत, या दहा कींवर मुख्य मात्रा: ौ ै ा ी ू, खाली ो े ् ि ु. आणि गेममध्ये डावा हात कुठे असतो? याच दहा कींवर. डब्ल्यूएएसडीने चालायचं, आरने रीलोड, ई, एफ, जी आपापल्या कामाला. व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. म, ण, न, व तेवढे डावीकडे खालच्या ओळीत. 'किती' लिहून पाहा: उजवा, डावा, उजवा, डावा. ('मुंबई'त मात्र उजव्या हाताला एक ब आणि ई साठीची शिफ्ट एवढंच काम. आपल्या शहराचं नाव डावखुरं आहे.)

तर सध्याचा जुगाड असा. त्या दहा कींखाली ब्लॅक जातीचे लिनिअर, ६० सेंटिन्यूटन. बाकी सगळीकडे ब्राऊन जातीचे टॅक्टाइल (दाबताना मध्ये हलका टप्पा लागणारे), ५५. मात्रा आता दाबल्याशिवाय पडत नाहीत, गेममध्ये टप्पा आडवा येत नाही, आणि व्यंजनाला बोटाखाली हलका खटका मिळतो. दोन हातांना दोन प्रकारचा स्पर्श विचित्र वाटेल अशी धास्ती होती, पण मराठीत हात आलटून पालटून चालत असल्याने पाच मिनिटांत विसरायला होतं. इंग्रजी ईमेल लिहिताना मात्र खटकतं, ते अजूनही.

ल्यूब (वंगण): लिनिअरना क्रायटॉक्स २०५जी० हे ग्रीस, रुळांवर आणि स्टेमच्या (स्विचमधला खाली-वर होणारा भाग) बाजूंना पातळ हात. टॅक्टाइलच्या स्टेमला पुढे दोन पाय असतात, ते कोरडेच ठेवले. तिथे ग्रीस गेलं की टप्पा बोथट होतो आणि ब्राऊनचा टप्पा मुळातच लाजाळू.

मॅग्नेटिक, म्हणजे चुंबकाने दाब ओळखणारे हॉल इफेक्ट स्विच का नाही, हे बरेच जण विचारणार. त्यांच्यात प्रत्येक की किती खोलीवर लागावी ते ठरवता येतं: गेमला उथळ, टाइपिंगला खोल, दोन प्रोफाइल. कागदावर माझ्या प्रश्नाचं हेच उत्तर आहे. धातूला धातू लागत नसल्याने आपल्या खाऱ्या, दमट हवेतही बरं. पण उथळ-खोल बदललं तरी स्प्रिंग तीच राहते, उजव्या हाताला मला हवा तो टप्पा मिळत नाही, आणि माझ्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये ते स्विच चालत नाहीत. म्हणजे बोर्डच नवा. रॅपिड ट्रिगरचा (बोट जरा उचललं की की लगेच सुटते, ती सोय) मोह आहे, नाही म्हणत नाही. स्नॅप टॅपसारखी सोय (दोन उलट दिशांच्या कींपैकी शेवटी दाबलेलीच धरणारी) मात्र गेमची कंपनी व्हॉल्वने ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर बंद केली, त्यामुळे त्यासाठी पैसे घालणं माझ्यापुरतं तरी बाद.

व्हायामध्ये गेमसाठी वेगळा लेयर (कींच्या कामांचा दुसरा संच) केलाय, त्यात विन की मेलेली. भाषा विन-स्पेसने बदलत असल्याने गेममध्ये शिरण्याआधी इंग्रजीवर यायचं लक्षात ठेवावं लागतं. नाहीतर चॅट उघडा राहिला असताना पळायला लागलात की टीमला 'ैोे्े्ै' असा संदेश जातो.

अजून न सुटलेलं: डावी शिफ्ट. ख, घ, ध, भ, थ, श, ळ सगळे हिच्या जिवावर, त्यामुळे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त दाबली जाते आणि स्टॅबिलायझर (लांब की सरळ दाबली जावी म्हणून खाली बसवलेली तार) खुळखुळतो. तारेच्या टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलंय, उजवीकडचा आवाज गेला, डावीकडचा आहेच. तार काचेवर ठेवून पाहिली तर एक टोक किंचित उचललेलं दिसतं. ती सरळ करून पुन्हा बसवायची आहे. शिवाय डीखाली ६० पेक्षाही जड स्प्रिंग घालावी का, असा विचार चाललाय. इनस्क्रिप्टवाल्यांपैकी कुणी हलन्तासाठी हे करून पाहिलं असेल तर गेममध्ये उजवीकडे सरकताना तर्जनीवर ताण येतो का, तेवढं कळवा.