पावसाळी टायरची निवड : नोंद तिसरी

मागील नोंदीत माझ्या मोटारीच्या जुन्या टायरांची मोजमापे दिली होती. पुढच्या दोन टायरांची खाच (नक्षीतील खाचांची खोली) २.८ मिलिमीटर आणि मागच्यांची ३.४ मिलिमीटर भरली होती. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर असल्यामुळे कागदोपत्री ते आणखी एक पावसाळा चालले असते. परंतु साइडवॉलवरील, म्हणजे टायरच्या बाजूवरील, डॉट क्रमांकाचे निर्मितीचा काळ सांगणारे अखेरचे चार अंक १११९, म्हणजे २०१९ सालचा अकरावा आठवडा, असे होते आणि खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा दिसू लागल्या होत्या. रत्नागिरीहून पाली, साखरपा करत आंबा घाट चढून दर पंधरवड्याला कोल्हापूर गाठायचे असल्याने चारही टायर जूनपूर्वी बदलण्याचे ठरवले.

म्युनिकला असलेल्या भाच्याने आग्रहाने सुचवले, "मामा, हिवाळी टायर घ्या, ओल्या रस्त्यावर त्यांना तोड नाही." त्याच्याकडे ते योग्यच आहे. साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली नेहमीचे रबर कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर मुद्दाम मऊ ठेवलेले असते आणि त्याच्या खाचांमधल्या रबरी ठोकळ्यांवर बर्फ धरण्यासाठी ब्लेडने कापल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. तीन शिखरे आणि हिमकण यांचे चिन्ह अशा टायरवर असते. रत्नागिरीत मात्र जानेवारीच्या पहाटेही पारा सात अंशांपर्यंत उतरत नाही, आणि भर पावसातही हवा पंचवीस अंशांच्या आसपास राहते. अशा उष्णतेत ते मऊ रबर लवकर झिजेल आणि ब्रेक लावताना ठोकळे वाकून गाडी थांबायला उलट अधिक अंतर घेईल. आपला प्रश्न थंडीचा नसून वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडणाऱ्या पाण्याचा आहे.

म्हणून निवडीचा निकष एकच ठेवला: टायरखालचे पाणी किती लवकर बाहेर पडते. चार रुंद उभ्या खाचा, त्यांतून खांद्याकडे जाणारे मोकळे आडवे मार्ग आणि सिलिकायुक्त रबर असलेला असममित नक्षीचा, म्हणजे आतल्या व बाहेरच्या बाजूची नक्षी वेगळी असलेला, टायर पसंत पडला. माप कंपनीचेच, १८५/६५ आर १५ (पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये), ठेवले. १९५/६० घेतल्यास गाडी रुबाबदार दिसते असा सल्ला पुष्कळांनी दिला. परंतु वजन तेच राहून रुंदी वाढली की पाणी कापणे अवघड होते, आणि रुबाब तर मडफ्लॅपपर्यंत चढलेल्या जांभ्याच्या लाल चिखलात तसाही दिसत नाही.

दुकानातील प्रकार मात्र सांगण्याजोगा आहे. काउंटरवर आणलेल्या चारपैकी दोन टायरांवर ०९२५ आणि उरलेल्या दोघांवर १८२२ असे अंक होते. तीन वर्षे गोदामात पडलेला माल नव्याच्या भावाने घेण्यास मी नकार दिला, तेव्हा "काका, टायर काय दूध आहे का नासायला?" असे उत्तर मिळाले. नीट ठेवलेला टायर नासत नाही हे मान्य. पण मग भाव तरी कमी करावा. शेवटी ताजे दोनच घेतले आणि उरलेले दोन आठ दिवसांनी आले.

त्या आठ दिवसांत नवे टायर मागे बसवले, यावरून बसवणाऱ्या मुलाशी थोडा वाद झाला. इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना असल्याने नवे टायर पुढेच हवेत, असे त्याचे म्हणणे होते. परंतु पुढची चाके घसरली तर गाडी वळणावर सरळ जाऊ पाहते आणि अॅक्सिलरेटर सोडल्यावर बहुधा सावरते. मागची घसरली तर शेपूट फिरते, आणि घाटात ती सावरायला जागाच नसते. बसवताना 'आउटसाइड' हा शब्द बाहेरच्या बाजूस आला आहे ना, हे प्रत्येक चाकाशी वाकून पाहिले. एक चाक खरोखरच उलटे बसले होते.

हवेबाबतही एक समज इकडे पक्का आहे, तो म्हणजे पावसात हवा कमी ठेवली की पकड वाढते. विमानांच्या चाकांवरील अभ्यासातून आलेल्या जुन्या सूत्रानुसार, खाचा उरलेल्या नसलेला टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाशी बांधलेला असतो. ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) दाबाला तो ताशी सुमारे ९५ किलोमीटर, तर २६ पीएसआयला सुमारे ८५ किलोमीटर येतो. म्हणजे हवा कमी केल्याने धोका अलीकडे येतो. मी ३३ वरच कायम आहे आणि दर रविवारी सकाळी, चाके थंड असताना, मोजतो.

पहिली चाचणी मृगाच्या सरींत, रिकाम्या सपाट रस्त्यावर घेतली. ताशी ५० वरून पूर्ण ब्रेक लावल्यावर गाडी तीन वेळांच्या सरासरीने २१ पावलांत थांबली. जुन्या टायरांवर त्याच जागी वळवाच्या पावसात २७ पावले लागली होती. दोन्ही दिवशी रस्त्यावरचे पाणी सारखे नव्हते, त्यामुळे हा फरक ढोबळच समजावा. शेवाळ धरलेल्या पाखाडीवजा (दगडी पायवाटेसारख्या) उतारावर मात्र नवा टायरही जुन्यासारखाच घसरला. चारही टायरांची खाच सध्या ७.८ मिलिमीटर आहे. पुढचे मोजमाप नवरात्रात.