आमची वाटचाल : जिनिंगवाल्या पट्ट्यातलं क्लस्टर मॉनिटरिंग

हिंगणघाटच्या बाजूला सर्व्हर आणि क्लस्टर (एकत्र जोडून चालवलेले सर्व्हर) सांभाळायचं काम करतो आम्ही. प्रिंटर रिपेअरिंगपासून सुरुवात, मग टॅली, मग सर्व्हर, हे सगळ्यांचंच असतं म्हणून त्यात वेळ घालवत नाही. सांगायचं आहे ते त्या कापूस सीझनचं, ज्यात आमचं शटर पडायचंच बाकी होतं.

आमचे सगळ्यात जुने कस्टमर म्हणजे एक जिनिंगवाले भाऊ. तीन नोडचा, म्हणजे तीन सर्व्हरचा प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), खाली सेफ (Ceph, सगळ्या नोडच्या डिस्क जोडून डेटाच्या कॉपी ठेवणारं स्टोरेज), वर वजनकाटा, बिलिंग आणि अकाउंट्सच्या व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. मधे नागपूरच्या एका मोठ्या कंपनीनं रेट पाडून एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) आमच्या हातून नेली, वर्ष झाल्यावर भाऊंनी परत आम्हालाच बोलावलं. आणि दिवाळी झाल्यावर ऐन आवकीत, गेटबाहेर गाड्यांची लाइन लागलेली, अन् काट्याची पावती काही केल्या निघेना. शेतकरी ओरडून राहिले, तर ते नागपूरवाले येऊन सांगून गेले की हा गावठी सेटअप आहे, यांना क्लस्टर समजत नाही, सगळे सर्व्हर नवीन घ्या. गावठी हा शब्द अजून सलतो.

भाऊ एवढंच म्हणाले, "कोटेशन तं मले कोणीबी देते, तू कारण दाखव."

सीपीयू रिकामा, लोड अ‍ॅव्हरेज (चालू आणि अडकलेल्या कामांची सरासरी संख्या) मात्र चढलेला. लिनक्स लोडमधे डी स्टेटवाले प्रोसेस पण मोजते, म्हणजे डिस्कची वाट पाहत अडकलेले, त्यामुळे नुसता लोड पाहून सीपीयू विकणाऱ्याला दारात उभं करू नका. तिन्ही नोडवर आयोस्टॅट डॅश एक्स (iostat -x, डिस्कला किती वेळ लागतो ते दाखवणारी कमांड) लावला, पाच-पाच सेकंदाला. पहिला रिपोर्ट सोडून द्यायचा, तो मशीन बूट झाल्यापासूनचा अ‍ॅव्हरेज असतो आणि रोग तिथंच लपते. बाकी डिस्कचा राइट अवेट (एक राइट पूर्ण व्हायला लागणारा वेळ) 10-15 मिलीसेकंद, दुसऱ्या नोडच्या एसडीसी या डिस्कचा 800च्या वर! सेफमधे सगळ्या कॉपी लिहून झाल्याशिवाय राइट पक्का होत नाही, जोडीतला एक बैल बसला की बंडी जागेवरच. सेफ ओएसडी पर्फ या कमांडमधे पण त्याच डिस्कचा ओएसडी (सेफमधे एक डिस्क सांभाळणारा प्रोसेस) हळू, आणि डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलमधे पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, वाढलेले.

डिस्क काढली तर साधी डेस्कटॉपवाली. अशी डिस्क खराब सेक्टर आला की लवकर एरर देत नाही, स्वतःच पुन्हा पुन्हा ट्राय करत बसते, म्हणून सेफला ती धडधाकट वाटत होती. आणि वर स्टिकर कोणाचं, तर त्याच नागपूरवाल्यांचं, त्यांच्या एएमसीच्या वर्षात बसवलेली.

नोआउट (सेफनं लगेच डेटा दुसरीकडे हलवू नये यासाठीचा फ्लॅग) लावून तो ओएसडी बंद केला तशा पावत्या धावल्या. नवीन डिस्क रात्री गेट बंद झाल्यावर टाकली, रिकव्हरीचा (नवीन डिस्कवर कॉपी भरायचा) लोड गाड्यांच्या टायमाला कशाला.

पुढची वर्षं बरी गेली. सल्ला म्हणाल तर प्रत्येक नोडवर सिसस्टॅट (मशीनची आकडेवारी देणारी टूल्स) टाकाच, त्यातलं सार (sar) हे टूल दर 10 मिनिटांनी नोंद ठेवते, पण क्रोनीनं सगळ्या नोडची घड्याळं जुळवा नाहीतर तुलना कशाशी करणार. एनव्हीएमई या वेगवान एसएसडीवर युटिल (डिस्क किती टक्के वेळ बिझी) 100 दिसला म्हणून घाबरू नका, ती एका वेळी खूप रिक्वेस्ट घेते, तिथं अवेट आणि क्यू (थांबलेल्या रिक्वेस्टची रांग) पाहा. जिनिंगमधे फॅनवर रुई बसते, ती सीझनमधे दर आठवड्याला झाडा.

त्या कंपनीनं आजवर भाऊंना साधा फोन केला नाही, आणि आसपासच्या मिलमधे अजून आम्हाला गावठीच म्हणत फिरतात. म्हणून एएमसी कोणालाही द्या, आम्हाला नका देऊ पाहिजे तर, पण डिस्क बदलली की मॉडेल अन् सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या.