नेब्युलायझर सोनिकेटरमध्ये नाही टाकायचा रे बाबा

सोमवार होता, मातीचे ६० सॅम्पल डायजेस्ट होऊन (म्हणजे ॲसिडमध्ये विरघळवून) रॅकला लागलेले, रिपोर्ट संध्याकाळी द्यायचे आणि आयसीपीने (सॅम्पलमधले धातू प्लाझ्मात तापवून मोजणारं यंत्र) नेमकी तेव्हाच नाटकं सुरू केली. इंटर्नल स्टँडर्डला, म्हणजे सगळ्या सॅम्पलमध्ये सारखंच घालून तुलनेला ठेवायला, यिट्रियम घालतो आम्ही, त्याचे काउंट्स (सिग्नल) दर रीडिंगला खाली खाली, मँगनीजचा आरएसडी (रीडिंग किती टक्के हलतंय ते) एरवी १ च्या आत तो ८ वर. आधी संशय सॅम्पल ओढणाऱ्या पंपाच्या ट्यूबवर, निम्म्या वेळा तीच चपटी झालेली असते. बदलली, फरक शून्य. मग प्लाझ्मा बंद केला, टॉर्च (प्लाझ्मा पेटतो ती नळी) थंड होईपर्यंत चहा घेतला (हो, घाईतही घेतला) आणि नेब्युलायझर काढला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी, बोटाएवढी काचेची नळी, तिच्या आत केसासारखी बारीक दुसरी, टोकाला दोघींमध्ये जेमतेम फट. त्या फटीतून आर्गॉन जोरात सुटतो आणि आतून येणाऱ्या सॅम्पलचं धुकं करतो. टोकाची कपची उडाली की संपलं, नवा आणा, त्यात माझा महिन्याचा पगार जातो.

तेवढ्यात आमचा नवा पोरगा, आठवड्यापूर्वीच एचपीएलसीवरून (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं दुसरं यंत्र) इकडे आलेला, "मॅडम द्या, सोनिकेटरला लावतो दहा मिनिटं" म्हणत हात पुढे. सोनिकेटर म्हणजे ध्वनिलहरींनी थरथरवून वस्तू साफ करणारं भांडं. त्याचंही काही चुकलं नाही, तिकडे पंपाचा चेक व्हॉल्व्ह (द्रव एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) अडकला की आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) बुडवून सोनिकेटरलाच लावतात, आत कृत्रिम माणकाचा बॉल आणि नीलमची सीट, त्यांना काय होतंय. इथे मात्र आतली नळी थरथरून बाहेरच्या काचेवर आपटते आणि टोक जातं. मला माहीत आहे कारण सात वर्षांपूर्वी मी स्वतः हेच केलंय. तेव्हाचे सर एक शब्द बोलले नाहीत, तो फुटका नेब्युलायझर माझ्या पेनस्टँडमध्ये उभा करून निघून गेले.

भिंगाखाली धरला तर नळी निमुळती होते तिथेच एक पांढरा तंतू. तार घालून ओढायचा मोह दोघांनाही झाला, पण तारेने पण टोकच जातं. मग टोकाकडून मऊ ट्यूब चढवली, सिरिंजने डीआय (क्षार काढलेलं) पाणी उलट्या दिशेने, हळूहळू, पंधरा-वीस वेळा तरी. शेवटी मागच्या बाजूने थेंबाबरोबर तो तंतू माझ्या ग्लोव्हवर आला, पापणीच्या केसाएवढा पण नाही.

परत बसवला, आरएसडी ०.७.

मी म्हटलं हा आला कुठून, सॅम्पल तर सगळे नीट सेटल केलेले, गाळ खाली बसवून. पोरगा दोन मिनिटं गप्प, मग हळूच म्हणाला, "मॅडम, ऑटोसॅम्पलरचा प्रोब मी अधूनमधून टिश्यूने पुसत होतो, स्वच्छ राहावा म्हणून." प्रोब म्हणजे सॅम्पलमध्ये बुडून ते ओढून घेणारी नळी, टिश्यूचा तंतू तिच्यातूनच आत गेलेला.

आता काय बोलणार. आधीचे १४ सॅम्पल परत चालवले, रिपोर्ट रात्री साडेनऊला गेले, क्लायंटचे तीन फोन झाले. तो फुटका नेब्युलायझर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं टोक भिंगाखाली ठेवलं आणि पोराला बोलावलं.