तुम्ही विचारलंत म्हणून: ऑपेराचं इंग्रजी कुठून सुरू करावं?

इंग्रजी शिकताना ऑपेराची गोडी लागलेले लोक हमखास विचारतात: "ऑपेरावरचा लेख वाचताना दर दोन ओळींनी अडखळायला होतं. महत्त्वाच्या शब्दांची यादी द्याल का?" यादी देता येईल, पण ती 'आरिया'पासून (एका पात्राचं सलग गाणं) सुरू होईल आणि तिथेच फसेल. इटालियन शब्द बिचारे गरीब असतात, एकदा अर्थ कळला की पुन्हा त्रास देत नाहीत. लिब्रेटो म्हणजे ऑपेराची संहिता, स्कोअर म्हणजे लिहिलेलं संगीत, संपलं. घात करतात ते रोजच्या ओळखीचे इंग्रजी शब्द, कारण ते कोशात बघावेत असं मनातच येत नाही.

'क्रिएट' घ्या. हारिक्लेआ दार्क्ले या गायिकेने 'टोस्का' या ऑपेराच्या नायिकेची, टोस्काची भूमिका 'क्रिएट' केली असं वाचलं की वाटतं, पात्र हिनेच रचलं. अर्थ एवढाच की पहिल्यावहिल्या प्रयोगात, रोममध्ये १४ जानेवारी १९०० रोजी, ती भूमिका तिने गायली. पुढे कुणी कितीही सुरेख गायलं तरी तिच्यासाठी हे क्रियापद चालत नाही. तिचा होतो तो 'रोल डेब्यू', म्हणजे ती भूमिका ती प्रथमच गाते आहे. 'हाउस डेब्यू' वेगळा: त्या ऑपेरागृहात ती प्रथमच उभी राहते आहे, भूमिका जुनीच असेना का.

'न्यू प्रॉडक्शन' म्हणजे नवा ऑपेरा नव्हे. संगीत दोनशे वर्षांपूर्वीचं असू शकतं. नवं असतं ते दिग्दर्शन, नेपथ्य, वेशभूषा. तीच मांडणी काही वर्षांनी पुन्हा उभी केली, बहुधा वेगळे गायक घेऊन, की ती 'रिव्हायव्हल'. तिचे लागोपाठ ठरलेले प्रयोग म्हणजे 'रन'. गायक आजारी पडला तर आयत्या वेळी उभा राहतो तो 'कव्हर'. त्याची पूर्ण भूमिका पाठ असते, पण कित्येकदा एकाही प्रयोगात गायची वेळ येत नाही. तालमीत गायिका 'मार्किंग' करत होती म्हणजे ती कुणाला गुण देत नव्हती, गळा राखण्यासाठी हलक्या आवाजात किंवा वरचे सूर एक सप्तक खाली गात होती.

तिकीट काढतानाही हाच घोळ. अमेरिकेत 'ऑर्केस्ट्रा'चं तिकीट मिळालं तर वादकांच्या मांडीला मांडी लावून बसायचं नसतं. ती तळमजल्यावरची आसनं, ज्यांना ब्रिटिश 'स्टॉल्स' म्हणतात. वादक असतात 'पिट'मध्ये, म्हणजे रंगमंचापुढच्या खोलगट जागेत. मध्यंतर ब्रिटिशांकडे 'इंटरव्हल', अमेरिकेत 'इंटरमिशन'.

इटालियन शब्दांपैकी एक जोडी मात्र नीट कानात बसवावी: रेसिटेटिव्ह आणि आरिया. व्याख्या पाठ करून ती बसत नाही. मोझार्टच्या 'द मॅरेज ऑफ फिगारो'च्या (१७८६) तिसऱ्या अंकात काउंटेस एकटी येते तो प्रसंग लावा आणि लिब्रेटो समोर ठेवा. सुरुवातीला ती आपल्या दासीची, सुझानाची वाट बघत स्वतःशी बोलते. ओळी लहानमोठ्या, शब्दांची पुनरुक्ती नाही, बोलण्याच्या चढउताराने गाणं चालतं आणि मधल्या जागा वाद्यवृंद भरतो. हे रेसिटेटिव्ह. मग 'दोवे सोनो' सुरू होतं: ठरलेली लय, लांब चाल, त्याच ओळी फिरून फिरून. ही आरिया. पहिल्या भागात कथा सरकते, दुसऱ्यात मन एका जागी थांबतं. याच ऑपेरात इतरत्र पात्रं भराभर बोलतात आणि साथीला फक्त हार्पसिकॉर्डसारखं कळवाद्य, जोडीला फार तर चेलो असतो. ते 'सेक्को', म्हणजे कोरडं रेसिटेटिव्ह. काउंटेसचं वाद्यवृंदासह असलेलं ते 'अकंपनीड'. हा फरक ऐकू येऊ लागला की अर्धी समीक्षा कळू लागते.

आवाजांच्या नावांत सोप्रानो (स्त्रीचा उंच आवाज), टेनर (पुरुषाचा उंच आवाज) वगैरे सोपी. सगळ्यात खालच्या पुरुषी आवाजाचं स्पेलिंग मात्र त्याच नावाच्या माशासारखं. माशाचा उच्चार 'बॅस', आवाजाचा 'बेस'. 'रेंज' आणि 'टेसिटुरा' यांतही गल्लत होते. रेंज म्हणजे सर्वांत खालच्या सुरापासून सर्वांत वरच्यापर्यंतचा पल्ला. टेसिटुरा म्हणजे गाणं बहुतांश वेळ ज्या पट्ट्यात वावरतं तो. वरचा सूर एकदाच लागत असेल तर निभावतो. टेसिटुराच उंच असेल तर गळा दमतो. 'ट्राउझर रोल' म्हणजे मुलाचं पात्र, गाणारी स्त्री, जसा फिगारोमधला केरुबीनो. 'ओपेरा कॉमिक' या फ्रेंच नावावरून विनोदाची अपेक्षा ठेवू नका; त्यात गाण्यांच्या मधे बोललेले संवाद असतात, एवढंच. १८७५ची 'कारमेन' त्यातलीच, आणि तिचा शेवट खुनाने होतो.

वाचायला काय घ्यावं? समीक्षा नको, आधी सिनॉप्सिस. कथासार इंग्रजीत साध्या वर्तमानकाळात लिहितात: टोस्का खलनायक स्कार्पियाला भोसकते, 'भोसकलं' नाही. आपल्याकडून तिथे हटकून भूतकाळ लिहिला जातो. समीक्षेत दोन्ही काळ शेजारीशेजारी येतात, कथा वर्तमानात आणि त्या रात्रीचं गाणं भूतात. ही सांधेजोड पाच-सहा कथासारं वाचल्यावर आपोआप दिसते. वाचताना क्रियापदं वहीत उतरवा, नामं राहू द्या. 'शी सँग व्हायोलेटा' म्हणजे तिने व्हायोलेटा या पात्राची भूमिका गायली; यात मधे 'अ‍ॅज' लागत नाही. 'ऑपोझिट' गाणं म्हणजे विरोधात नव्हे, जोडीदार म्हणून गाणं. कवीच्या शब्दांना संगीतकार 'सेट' करतो, म्हणजे चाल लावतो.

रंगमंचाच्या वर दिसणाऱ्या भाषांतराच्या ओळींवर, म्हणजे सरटायटल्सवर मात्र भाषा शिकायला विसंबू नका. १९८३ साली टोरंटोत 'इलेक्ट्रा' या ऑपेराच्या प्रयोगांना ती प्रथम दाखवली गेली आणि आता जवळपास सगळीकडे असतात. पण चार ओळींच्या जागी एक, पुनरुक्ती गाळलेली, असा तो मजकूर असतो. शब्दाला शब्द लावायला गेलात तर हाती काही लागत नाही. त्यासाठी दोन भाषांत समोरासमोर छापलेला लिब्रेटो घ्या आणि एका वेळी एकच प्रसंग: आधी नुसता वाचून, मग ऐकत, मग कागद बाजूला ठेवून.