हाताने रंगविभाजन : जुन्या धाटणीच्या चित्रपट-पोस्टरचे काम कुठवर आले

शिळाछपाईच्या, म्हणजे दगडावरून छापण्याच्या, रीतीने प्रत्येक रंग वेगळा रेखाटून एक लहान पोस्टर करून पाहण्याचे काम आता तिसऱ्या रंगापर्यंत आले आहे. पिवळा आणि लाल छापून झाले आहेत, निळ्याचे रेखाटन तयार आहे आणि काळ्याला अद्याप हात लावलेला नाही. दगडाऐवजी दाणेदार अर्धपारदर्शक फिल्मवर तेलकट खडू चालवून त्यावरून स्क्रीन, म्हणजे शाई कागदावर उतरवणारी ताणलेली जाळी, तयार करतो. त्यामुळे छपाई शिळाछाप राहत नाही हे खरे, पण रंग मनातल्या मनात सुटे करण्याची मूळ कसरत तीच राहते.

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या साध्या तत्त्वावर आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस चुनखडीच्या दगडावरून छपाई साधली. पुढे पॅरिसमध्ये ज्यूल शेरे याने मोजक्याच दगडांवरून भरगच्च रंगीत पोस्टरे छापण्याचा पायंडा पाडला. त्यामुळे ल्युमिएर बंधूंनी 28 डिसेंबर 1895 रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून चलच्चित्रे दाखवली, तेव्हा जाहिरातीची कला आणि छापखाने दोन्ही आयते तयार होते. मार्सेलँ ओझोल याने त्यांच्यासाठी केलेल्या पोस्टरवर पडद्यावरचा प्रसंग आणि तो पाहून हसणारे प्रेक्षक एकत्र दिसतात. नव्या वस्तूची ओळख करून देण्याची ही युक्ती मला आजही फार हुशारीची वाटते.

प्रत्यक्ष काम करताना चेहऱ्याने सर्वांत जास्त वेळ घेतला. रेखाटन प्रत्येक वेळी काळ्यातच करायचे असते, कारण फिल्मवरचा काळा म्हणजे कागदावरचा पिवळा, लाल किंवा निळा. कपाळ आणि नाकाच्या उजळ कडेला पिवळा अगदी विरळ ठेवला, गालाला आणि पापणीच्या वरच्या घडीला लाल खडू दाबून चालवला, तर निळा फक्त जबड्याखाली आणि केसांत राखून ठेवला. लाल शाई पारदर्शक असल्यामुळे खालच्या पिवळ्याशी मिळून नारिंगी छटा आपोआप उमटते. जिथे खडूने सफाई येईना तिथे शेरेसारखे ब्रशने शाईचे शिंतोडे उडवले, आणि कानशिलाची सावली त्यानेच मऊ झाली.

जुनी पोस्टरे भिंगाखाली पाहिली की हातचे काम आणि नंतरची यांत्रिक ऑफसेट छपाई यांतला फरक लगेच कळतो : खडूचे दाणे वेडेवाकडे असतात, तर ऑफसेटच्या हाफटोनमध्ये, म्हणजे छटा ठिपक्यांत मोडून छापण्याच्या पद्धतीत, ठिपक्यांची नेटकी, ठरावीक कोनांतली जाळी दिसते. ऑफसेटमध्ये चित्र आधी रबरी पट्ट्यावर आणि मग कागदावर उतरत असल्याने प्लेटवर ते सुलटे असते. थेट दगडावर काम करणाऱ्या कारागिराला मात्र अक्षरेसुद्धा उलटी काढावी लागत.

छपाईची मर्यादा शैली कशी घडवते, याचे उत्तम उदाहरण मॉस्कोच्या स्टेनबर्ग बंधूंचे आहे. 1920 च्या दशकात ते चित्रपटातील चौकट प्रक्षेपकाने मोठी करून पाहत आणि छायाचित्राचा भास होईल अशी हातानेच रेखाटत, कारण मोठ्या आकारात छायाचित्र नीट छापण्याजोगी सोय त्यांच्याकडे नव्हती.

निळा थर देण्यापूर्वी कोपऱ्यांतील जुळणीच्या खुणा पुन्हा तपासायच्या आहेत, कारण ओल्या शाईने कागद किंचित ताणला गेल्याची शंका आहे. निळा वाळल्यावर केसांत पुरेशी खोली आली, तर काळा फक्त शीर्षकाच्या अक्षरांपुरता वापरीन.