माझ्या पाळीव उंदरांची, शेव-चकलीची, मे महिन्याची नोंद: शेव हाताच्या मागे लागली!

मोठी बातमी आधी: शेव आता स्वतःहून हाताशी मस्ती करायला येते. चकली पहिल्यापासूनच धीट, तिचं काही विशेष नाही. शेव मात्र ओंजळीत घेतली की हलायचीच नाही. घरी येणारे म्हणायचे, "किती शांत आहे गं ही!" शांत कसली, भीतीने थिजलेली असायची. अंग आखडलेलं, कान मागे, मिशा थांबलेल्या. निवांत उंदराचं नाक काही ना काही हुंगत असतं.

म्हणून तिला उचलणं बंद केलं आणि गुदगुल्या सुरू केल्या. सोफ्यावर जुनी चादर, त्यावर हात. मानगुटीवर बोटं हलकेच फिरवायची, मग उताणी करून पोटावर दोन-चार सेकंद, की लगेच हात लांब. खरी परीक्षा इथे असते. ती हाताच्या मागे आली तर पुन्हा. उशीखाली गेली तर त्या दिवसापुरता खेळ बंद. मानगूट का, तर उंदरांचा आपसातला दंगा तिथेच चालतो. केस पिंजारून पाठीच्या मागच्या भागाला चावायला लागले, तर ते भांडण समजायचं.

गुदगुल्या झाल्यावर उंदीर साधारण ५० किलोहर्ट्झला चिवचिवतात, हे याक पँकसेप आणि जेफ्री बर्गडॉर्फ या शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी दाखवलं. भीतीची हाक २२च्या आसपास. आपले कान २०लाच हात टेकतात, म्हणजे दोन्ही ऐकू येत नाहीत. बॅट डिटेक्टर (असे आवाज आपल्याला ऐकू येतील असे करणारं यंत्र) घ्यायचा मोह होतो, पण किंमत बघून मी कानांवरच भागवते. शेवच्या कानांवर! बर्न विद्यापीठाच्या २०१६च्या अभ्यासात गुदगुल्यांनंतर उंदरांचे कान जास्त गुलाबी आणि सैल दिसले होते. शेव पांढरी असल्याने रंग पटकन कळतो; चकलीच्या काळ्या कानांत मला काही दिसत नाही.

चकलीचं सुख वेगळं कळतं. मांडीवर पसरते, गाल चोळला की दात करकरवते, आणि डोळे आत-बाहेर, आत-बाहेर. जबड्याच्या स्नायूचा एक भाग डोळ्यामागून जातो, म्हणून तो धक्का बसतो. पहिल्यांदा बघणारा घाबरतोच. पण नुसत्या करकरीवर विसंबू नका, दुखत असतानाही उंदीर दात करकरवतात. डोळे बारीक, गाल चपटे, खाण्यावर मन नाही आणि वर करकर, तर सरळ डॉक्टर.

या महिन्यात शेवच्या नाकाशी लाल डाग दिसला. ते रक्त नव्हे, डोळ्यामागच्या ग्रंथीचा लालसर स्राव असतो. ताण किंवा आजारात वाढतो. शिंका नव्हत्या, श्वासाला घरघर नव्हती. माझा संशय उकाड्यावर. नागपूरचा मे, आणि उंदरांना घाम येत नाही. अंगातली उष्णता बरीचशी शेपटीतून बाहेर टाकतात. पिंजरा आतल्या खोलीत हलवला, मातीची कुंडी भिजवून पालथी ठेवली. दोघी दुपारभर त्याच कुंडीला चिकटून! डाग पुन्हा दिसला नाही. कूलरचा झोत मात्र पिंजऱ्यावर येऊ देत नाही.

आता पावसाळ्याची तयारी. फ्लीस (पिंजऱ्यातल्या झोळ्यांचं मऊ कापड) लवकर वाळत नाही आणि लघवीच्या अमोनियाने यांची फुप्फुसं बिघडतात, म्हणून जास्तीच्या झोळ्या शिवायला टाकल्यात. शिंपीकाकांना बाहुलीसाठी आहेत असं सांगितलंय.